याकुत्स्कला निघालास? मग चादर घे

भावा, रशियातल्या सायबेरियात, याकुत्स्कला कामाला तू जाच. मोबाइलवर एजंटाने दाखवलेला पगार इथे सोलापुरात यंत्रमागावर तीन महिने रात्रपाळी मारूनही हातात पडत नाही, हे मलाही मान्य आहे. ‘थोडी थंडी असते’ म्हणाला ना? असते थोडी. १८९१ च्या फेब्रुवारीत याकुत्स्कचा पारा उणे ६४ च्या खाली गेला होता, पण ती जुनी गोष्ट. हल्ली जानेवारीत उणे ४० च्या आसपासच असतो. आपल्याकडे मे महिन्यात ४४. दोन्हींची सरासरी काढ, दोन अंश येते. म्हणजे महाबळेश्वरच की बे!

पाण्याच्या बाबतीत तर तू आधीच तयार आहेस. उजनी भरलेलं असतानाही चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळावर तुझा संसार चाललाय. तिकडच्या खेड्यांत हिवाळा लागला की नदीचा बर्फ कापतात, ठोकळे रचून ठेवतात आणि लागेल तसे घरात आणून वितळवतात. पाणी कधी सुटणार म्हणून पहाटे तीनला उठायला नको. बॅरल नको, मोटर नको. घागरीऐवजी करवत लागते, एवढंच.

जमीन खाली कायमची गोठलेली, म्हणून इमारती खांबांवर उभ्या करतात. नाहीतर घराच्या उबेनेच जमीन सैल होऊन घर खचतं. चष्मा मात्र धातूच्या काड्यांचा नेऊ नकोस, गालाला चिकटतो. बाजारात मासे काठ्यांसारखे ताठ उभे असतात. कडक भाकरीवर वाढलेल्या माणसाने त्याचं काय नवल करायचं? याकुत्स्कला लेना नदीवर अजून पूल नाही, काम चालू आहे. हिवाळ्यात गाड्या गोठलेल्या नदीवरून जातात, बर्फ फुटायच्या दिवसांत त्याही नाहीत. पुलाची वाट कशी बघायची हे सोलापूरकराला कोणी शिकवायचं?

करारपत्र रशियन भाषेत असेल. वाचत बसू नकोस, अंगठा दे. हेल्परचं काम म्हणून रशियात गेलेली आपल्या देशातली काही पोरं २०२४ मध्ये थेट युद्धाच्या आघाडीवर सापडली, पण तुझा एजंट तसला नाही. तो सोलापूरच्या पूर्व भागातलाच आहे, शेंगाचटणी खाणारा.

तिकडे एक हेक्टर जमीन फुकट मिळते, असंही तो म्हणाला असेल. मिळते. २०१६ पासूनची योजना आहे. फक्त आधी रशियाचं नागरिक व्हावं लागतं. किरकोळ बाब.

आणि हो, तिकडे ‘लांब रुबल’ म्हणतात, म्हणजे थंडीपोटी मिळणारा घसघशीत पैसा. सोव्हिएत काळात तो कमवायला लोक दोन-तीन वर्षांसाठी म्हणून उत्तरेला गेले आणि तिथेच म्हातारे झाले. मग देश फुटला, पैसा आखूड झाला. रशियाच्या पार ईशान्य टोकाला असलेल्या चुकोत्कात १९८९ ला १ लाख ६४ हजार माणसं होती, २०२१ ला ४७ हजार उरली. तेव्हा खोली शोधायची चिंता सोड, घरं रिकामीच आहेत.

आता सामान. पेटी नवी घेऊ नकोस. तुझे पणजोबा तेलंगणातून मिलमध्ये कामाला आले, तेही दोनच वर्षांसाठी. मिल बंद पडली, भोंगा गेला, पेटी मात्र अजून माळ्यावर आहे. तीच काढ. कडीला जरा तेल घाल.