प्रतिक्रियेला उत्तर : अर्धी वाटी बेसन आणि पार्सफ्लोट

नमस्कार,

पाककृतीतली मापं वाचून ती वाढवणाऱ्या स्क्रिप्टबद्दलच्या माझ्या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत तीन हरकती आहेत. पार्सफ्लोट, म्हणजे मजकुरातून आकडा काढणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन, कसं वागतं ते डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं असताना जावास्क्रिप्टला नावं का ठेवायची. टाइपस्क्रिप्ट, म्हणजे डेटाचे प्रकार आधीच तपासणारं जावास्क्रिप्टचं रूप, घेतलं की प्रश्नच मिटतो. आणि लेखातल्या प्रमाणाने, म्हणजे अर्धी वाटी बेसन उकळत्या दोन वाट्या पाण्यात घालून केलेल्या पिठल्यात गुठळ्या झाल्या.

लिहिलेलं आहे, मान्य. पार्सफ्लोट डावीकडून वाचत जातं, आकड्यात न बसणारं अक्षर आलं की थांबतं आणि तोवर वाचलेलं परत देतं. त्यामुळे इंग्रजी अंकांत टाइप केलेल्या १/२ चं उत्तर १ येतं. पाककृती चौपट करणारी स्क्रिप्ट मग दोन वाट्यांऐवजी चार वाट्या बेसन छापते, आणि चार वाट्या वाचून कुणाला शंकाही येत नाही. माझी तक्रार या गप्प बसण्याबद्दल आहे. पायथन भाषेतल्या फ्लोट या फंक्शनला तीच स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, दिली तर व्हॅल्यूएरर येतो आणि प्रोग्राम तिथेच अडतो.

टाइपस्क्रिप्टचा इथे उपयोग नाही. पार्सफ्लोट स्ट्रिंग घेतं आणि नंबर देतं. चुकून आलेला १ हाही नंबरच, मग कोड तपासणारा कंपायलर कशाला हटकेल?

पार्सफ्लोट सोडून नंबर हे फंक्शन वापरलं तर १/२ ला नॅन, म्हणजे ‘हा आकडा नाही’ अशी खूण, मिळतं, हे बरं. पण रिकाम्या स्ट्रिंगला ते शून्य देतं. त्यात गोम अशी, की एचटीएमएलच्या नंबर प्रकारच्या चौकटीत अवैध मजकूर असला तर तिची व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग येते. म्हणजे मिठाच्या चौकटीत गडबड झाली, की अळणी पिठलं. शिवाय नॅन स्वतःशीही समान नसतं, म्हणून तपासणी बरोबरच्या चिन्हाने न करता इझनॅनने करायची.

मराठी कीबोर्डवरून टाइप केलं तर आणखी वेगळं. देवनागरी अंकांतल्या १० ला पायथनचं इंट निमूट दहा मानतं. जावास्क्रिप्टमध्ये पार्सइंट आणि नंबर दोन्ही नॅन देतात. तेव्हा स्ट्रिंग आधी ट्रिम करा, म्हणजे दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढा, आणि रिकामी असेल तर तिथेच एरर फेका. मग देवनागरी अंक बदलून घ्या. युनिकोडमध्ये ते शून्यापासून नवापर्यंत ओळीने आहेत, त्यामुळे प्रत्येकाच्या कोडमधून देवनागरी शून्याचा कोड वजा केला की झालं. तिरकी रेघ असेल तर दोन तुकडे करून प्रत्येक वेगळा तपासा, छेद शून्य नाही ना तेही बघा. पाव, अर्धी, पाऊण, दीड, अडीच यांचा सरळ तक्ता ठेवा. साडे आणि पावणे मात्र पुढच्या आकड्याशी जोडूनच येतात : साडेतीन म्हणजे तीन अधिक अर्धा, पावणेदोन म्हणजे दोन वजा पाव. सव्वा एकटा आला तर १.२५, पुढे आकडा असेल तर त्यात पाव मिळवायचा. यात न बसणारं काहीही आलं तर अंदाज न करता वापरणाऱ्याला परत विचारा.

आता पिठलं. प्रमाण बरोबर आहे. एकास चार हे पातळ पिठल्याचं माप, घट्ट हवं तर एकास तीन. गुठळ्या झाल्या त्या बेसन कोरडं उकळत्या पाण्यात पडल्यामुळे. बाहेरचा पिठाचा थर गरम पाण्यात क्षणात शिजून चिकट होतो आणि आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोचू देत नाही. पेरून केलेल्या पिठल्यात गाठी हव्याच असतात, ते वेगळं.

दोनपैकी पाऊण वाटी पाणी गार ठेवा. बेसन चाळून त्यात आधी चार-पाच चमचेच गार पाणी घालून घोटा. घट्ट असतानाच गाठी चमच्याखाली मोडतात. सगळं पाणी एकदम ओतलं तर त्या नुसत्या तरंगत फिरतात. मग उरलेल्या गार पाण्याने सैल करा. मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण आणि मिरचीच्या फोडणीत शेवटी हळद घाला आणि ती करपायच्या आत सव्वा वाटी पाणी ओता. मीठ घाला. उकळी आली की आच कमी करून कालवलेलं पीठ बारीक धारेने सोडा, दुसऱ्या हाताने ढवळणं थांबवू नका. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं शिजू द्या, मधूनमधून तळापासून ढवळा. कच्च्या बेसनाचा वास गेला की झालं. तरीही गाठी दिसल्या, तर झाकण ठेवण्याआधी रवी फिरवा. शिजल्यावर त्या मोडत नाहीत.

आणि चौपट करताना स्क्रिप्टला सगळं चारने गुणू देऊ नका. बेसन आणि मीठ गुणलं तर चालतं. वाफ होऊन जाणारं पाणी कढईच्या तोंडावर आणि वेळेवर ठरतं, ते चौपट होत नाही. म्हणून दोन वाट्या बेसनाला आठऐवजी सात वाट्या पाण्याने सुरुवात करा, लागलं तर उकळतं पाणी वाढवा. फोडणीचं तेल दुप्पट-अडीचपट पुरतं.