सुट्या खाद्याच्या थैलीवर काहीच छापलेले नसते

गेल्या मे महिन्यात आमच्या कुत्र्याने, भुऱ्याने, दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा दिसू लागला, तेव्हा आम्ही त्याला भुसावळला पशुवैद्यांकडे नेले. रक्ततपासणीत यकृताचा त्रास निघाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खाद्य कोणते देता? त्याची पिशवी घेऊन या." पिशवी आमच्याकडे नव्हतीच. दुकानदार वीस किलोचे पोते फोडून ठेवतो आणि आम्ही त्यातले दोन किलो साध्या पारदर्शक थैलीत, वर रबर लावून, आणत असू. आजार खाद्यानेच झाला असे डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. मात्र ते खाद्य कधी बनले आणि त्यात काय होते, हे सांगणारे पोते तोवर रद्दीत गेले होते. भुऱ्या महिनाभराच्या औषधांनी सावरला.

त्यानंतर मी नियम वाचले. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ यातील अन्नाची व्याख्या माणसांपुरती आहे. पशुखाद्य त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ११९६८ हे मानक आहे, पण ते ऐच्छिक. म्हणजे ज्याला पाळायचे त्याने पाळावे!

अशा खाद्यात बहुधा मका असतो, म्हणून आपल्याकडे मका पिकवणाऱ्याला यातली गोम लगेच कळेल. हमीभावाने मका विकायला नेला, की ओलावा १४ टक्क्यांच्या आत आहे का हे यंत्र लावून पाहतात, कारण ओल्या मक्यावर बुरशी चढते आणि काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात. ते कुत्र्याचे यकृत निकामी करते आणि खाद्य भाजल्या-शिजवल्याने पुरते नष्ट होत नाही. कोरड्या खाद्याच्या दाण्यांवर चरबीचा थरही दिलेला असतो. पत्र्याच्या दुकानात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, तोंड उघडे ठेवलेल्या पोत्यातली ती चरबी खवट होणारच. आमच्या डब्यातल्या उरलेल्या खाद्याला जुन्या शेंगदाण्यांचा वास येत होता. आम्ही तो आधी हुंगलाच नव्हता, ही चूक आमची.

"त्यापेक्षा घरची भाकरी बरी," असे अनेक जण सांगतात. कुस्करलेल्या भाकरीवर आपण शेवभाजीचा रस्सा ओततो आणि त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मांजराची गोष्ट आणखी निराळी: त्याला टॉरिन हे पोषकद्रव्य आहारातूनच मिळावे लागते, आणि ते कमी पडले तर हृदय दुबळे होते, हे १९८७ मध्येच सिद्ध झाले आहे. दूध-भाकरीवर मांजर दिसायला गुबगुबीत राहते, एवढेच.

म्हणून माझी मागणी अशी, की आयएस ११९६८ सक्तीचे करावे, त्यात अफ्लाटॉक्सिनची तपासणी प्रत्येक उत्पादन-तुकडीला लागू असावी आणि फोडलेल्या पोत्यातून सुटी विक्री बंद व्हावी. हे मी दुकानदारालाही सांगितले. तो रागावला नाही. "दादा, अख्खे पोते घेणारे गिऱ्हाईक माझ्याकडे महिन्याला दोन येतात. बाकीचे किलोभरच नेतात. कंपनीची किलोची पिशवी त्यांना परवडत नाही," तो म्हणाला. त्याचे खोटे नाही. त्यामुळे छापील माहितीची लहान पिशवी मोठ्या पोत्याच्याच भावाने मिळावी, ही मागणीही मी शेवटी जोडली आहे.