कापडाची गोष्ट कापडालाच विचारा

कापडाबद्दलचं बोलणं बहुतेक वेळा रंग आणि नक्षीपाशीच थांबतं, याचं मला फार वाईट वाटतं. कापडाची खरी गोष्ट त्याच्या अंगात असते, वरच्या छपाईत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मुळात कापड म्हणायचं कशाला? ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, एकमेकांत विणले की कापड, हे ठरलेलं उत्तर अपुरं आहे. स्वेटरमध्ये ताणा-बाणा नसतो, एकातून एक ओढून काढलेले टाके असतात. नमद्यात तर सूतच नसतं. ओली लोकर मळून मळून तिचे तंतू असे अडकतात की पुन्हा सुटत नाहीत. मला विचाराल तर, माणसाने सुट्या तंतूंना एकमेकांना धरून राहायला लावलं की ते कापड.

आणि हे कुणी, कसं केलं, याची खूण मागे राहतेच. कापडातला एक धागा सोडवून भिंगाखाली धरा. त्याचा पीळ एका बाजूला झुकलेला दिसेल. ती कातणाऱ्याच्या हाताची सवय! प्राचीन इजिप्तमध्ये बहुधा रोमन एस अक्षराच्या मधल्या रेषेसारखा पीळ देत, भारतात झेडसारखा. इजिप्तच्याच तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके या प्राचीन बंदरात झेड पिळाचं सुती कापड सापडलं, तेव्हा ते भारताकडून आलं असावं, हे अभ्यासकांनी ओळखलं ते मुख्यतः या पिळावरून.

इजिप्तमधल्याच तारखान इथला एक तागाचा अंगरखा घ्या. (हा ताग म्हणजे गोणपाटाचा नव्हे, जवसाच्या झाडाचा.) पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांच्या उत्खननातून मिळालेल्या मळक्या चिंध्यांच्या गठ्ठ्यात तो कितीतरी वर्षं पडून होता; 1977 मध्ये तो ओळखू आला. पुढे कार्बन चाचणीत त्याचं वय पाच हजार वर्षांहून जास्त निघालं. पण मला हलवून सोडतात त्या त्याच्या कोपरांजवळच्या आणि काखेतल्या सुरकुत्या. कुणीतरी तो घालून हात वाकवला होता, वावरलं होतं. नाव माहीत नाही, पण अंगाची ठेवण कळते.

म्हणूनच संग्रहालयात फक्त सुलटी बाजू दाखवत काचेमागे टांगलेलं कापड पाहिलं की जीव तुटतो. उलटी बाजू दाखवा, रफू दाखवा, विटलेली काख दाखवा. कुण्या राजाने ते पांघरलं होतं ही पाटी खुशाल लावा, पण पीळ कुठल्या हाताचा आहे तेही तिथेच लिहा.