ताई, माझा कोड चुकून तुमच्याकडे आलाय

घरगुती व्यवसाय सुरू केलात? अभिनंदन. आता सोशल मीडियावर यायलाच हवं. मी ६ वर्षं डोंबिवलीत मोदक, भाजणी आणि मेतकूट विकते आहे, तेव्हा चार अनुभवाचे बोल सांगते. फुकट. एरवी याच गोष्टी सांगायला लोक वेबिनारचे ४९९ रुपये घेतात.

सगळ्यात आधी, इन्स्टाग्रामचं पेज स्वतः उघडू नका. भाच्याला सांगा. तो ते त्याच्या नंबरवर, त्याच्या ईमेलवर उघडून देईल आणि पासवर्डही त्यालाच ठाऊक राहील. पुढे तो शिकायला जर्मनीला गेला की त्याचं इथलं सिम बंद होतं आणि आपण आपल्याच पेजला बाहेरून लाइक देत बसतो.

भाव कधीही लिहू नका. 'इनबॉक्स केलंय ताई' हे दिवसातून चाळीस वेळा टाइप केल्याशिवाय धंदा केल्यासारखं वाटत नाही.

फोटो गूगलवरून उचला. त्यातल्या मोदकाला एकवीस कळ्या असतात, आपल्याला अकरा जमतात. गिऱ्हाईक काही मोजत बसत नाही. (मोजतं. डबा दारातच उघडून मोजतं.)

'मैं आर्मी से बोल रहा हूँ' म्हणत कोणी २०० मोदकांची ऑर्डर दिली आणि पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करा म्हणाला, तर लगेच करा. यूपीआय पिनही टाका. पैसे यायला पिन लागतो हे ज्ञान जगात फक्त त्याच्याकडेच असतं.

सगळ्या गिऱ्हाइकांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप करा. माझा होता, ३१२ जणांचा. ब्रॉडकास्ट लिस्टच्या नादी लागू नका. तिथे एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही, मग आपुलकी कशी वाढायची? शिवाय आपला नंबर सेव्ह केलेल्यांनाच तिथला मेसेज पोचतो, म्हणजे 'नंबर सेव्ह करून ठेवा हं' असं प्रत्येकाला तोंडाने सांगणं आलं. त्यापेक्षा ग्रुप बरा. सगळ्यांचे नंबर सगळ्यांसमोर, पानात वाढल्यासारखे.

आता मुख्य टीप. एसएमएसवर सहा आकडी कोड आला की जो मागेल त्याला देऊन टाकावा.

गणपतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. एका शाळेच्या स्टाफरूमची ५० मोदकांची ऑर्डर होती. सकाळचे अकरा, माझे दोन्ही हात उकडीत, आणि गरम असतानाच मळली नाही तर कळ्या पडताना फाटते हे तुम्हाला सांगायला नको. फोन वाजला. आमच्याच महिला उद्योजक ग्रुपमधल्या एक ताई, त्यांचाच नंबर, त्यांचाच नऊवारीतला फोटो. 'ताई, माझा कोड चुकून तुमच्याकडे आलाय. पाठवता का प्लीज? अर्जंट आहे.' मी करंगळीने पाठवला.

कोड त्यांचा नव्हताच. माझा होता. चोराने त्याच्या फोनवर व्हॉट्सॲप उघडून माझा नंबर टाकला, कोड माझ्याकडे आला आणि मी तो त्याच्या हातात ठेवला. माझं व्हॉट्सॲप बंद पडलंय हे मला कळलं दीड तासाने, मोदकपात्र उतरवल्यावर. पुन्हा नंबर टाकला, नवा कोड आला, तो घातला, तर आता पिन मागतोय. कसला पिन? टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे एसएमएसच्या कोडवर आणखी एक, आपणच ठरवून ठेवायचा आकडा. जो मला ६ वर्षांत लावायला जमला नाही आणि त्या भामट्याने पहिल्या पाच मिनिटांत लावला. माझ्या अकाउंटच्या सुरक्षेची काळजी असलेला तेवढा एकच माणूस निघाला. माझा कोड घातल्यावर तो बाहेर फेकला गेला म्हणे, पण पिन माहीत नसेल तर मला आत जायला ७ दिवस थांबावं लागणार. सात दिवस! अहो, गणपती दीड दिवसाचा असतो आमच्याकडे.

कोणाला किती मोदक, कुठे, किती वाजता, सगळं त्या चॅटमध्ये. (वहीत लिहून ठेवणं हे मागासलेपण, ही टीप वर द्यायची राहिली.)

आणि त्या दीड तासात माझ्या आपुलकीच्या ग्रुपमधल्या एकेकाला माझ्या नावाने मेसेज गेले होते. 'दवाखान्यात आहे, १५,००० पाठवता का? संध्याकाळी परत करते.' बहुतेकांनी दुर्लक्ष केलं. ठाण्याच्या एका काकांनी नाही केलं. वय ७८, दरवर्षी माझ्याकडून २१ मोदक नेतात. त्यांनी आधी पैसे पाठवले आणि मग फोन केला. "अगं, कुठल्या दवाखान्यात आहेस? बरी आहेस ना?"

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लागेपर्यंत पैसे पुढे गेले होते. काकांचे मी भरले. ते घेत नव्हते, काकूंच्या हातात कोंबून आले. ४० रुपये नगाने ३७५ मोदक होतात. सारणासकट.

यावर आमच्या उद्योजक ग्रुपचं म्हणणं काय, तर 'ताई, तुम्हाला कळायला नको का?'

हो, कळायला हवं होतं. मूर्खपणा केला मी. पण ज्या ताईंच्या नावाने मला मेसेज आला, त्यांचं अकाउंट आदल्या रात्रीच गेलं होतं. हे त्यांना माहीत होतं! त्यांनी कोणाला सांगितलं नाही. का? तर हसतील म्हणून. मुलीच्या फोनवरून ग्रुपवर एक ओळ टाकायची होती, 'माझ्या नंबरवरून काही आलं तर उत्तर देऊ नका.' बस. तेवढंसुद्धा नाही.

आणि बाकीच्यांनो, तुम्ही तरी काय दिवे लावलेत? परवा ग्रुपवर विचारलं, पिन किती जणींनी लावला? १८० जणींत ११. उरलेल्यांनी हात जोडलेली बाहुली पाठवली. मला नमस्कार काय करता? व्हॉट्सॲपच्या सेटिंग्ज उघडा, अकाउंटमध्ये जा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, पिन घाला, ईमेल घाला. भाच्याचा नको, स्वतःचा. रील बनवायला तीन तास मिळतात ना तुम्हाला? मग दोन मिनिटं याला काढा. लोकांचे नंबर आहेत तुमच्या फोनात, म्हाताऱ्या माणसांचे. आणि अकाउंट गेलंच, तर त्याच मिनिटाला सगळ्यांना फोन लावा. लाज नंतर वाटून घ्या.