पीळ

कानटोपी विकत मिळते, हे मला ठाऊक आहे. थंडीत फुटपाथवर ढिगाने मिळते आणि जरा घासाघीस केली तर वर मोज्यांचा जोडही पदरात पडतो. तरीही कच्ची लोकर धुण्यापासून सुरुवात करून एक कानटोपी करायची, असं ठरवलेल्या माणसाला काय काय भोगावं लागतं ते लिहून ठेवतो. ज्यांना हा छंद अजून लागायचा आहे त्यांनी सावध व्हावं. ज्यांना लागला आहे त्यांचं आता काही होऊ शकत नाही.

आधी हिशेब. वर्षाच्या बाळाच्या कानटोपीला साधारण 100 मीटर दुपदरी लोकर लागते, वजनाने 40-45 ग्रॅम. दुपदरी 100 म्हणजे एकपदरी 200. पदर एकमेकांभोवती वळताना थोडी लांबी खातात आणि टोकांना काही वाया जातं, म्हणून 220 धरा. या जाडीच्या पदराला इंचाला 6 पीळ लागतात. 220 मीटरचे इंच होतात सुमारे 8,660. म्हणजे सूत कातायच्या टकळीने जवळपास 52,000 गिरक्या घ्यायच्या. मग दोन पदर एकत्र वळताना इंचाला 4 पीळ उलट दिशेने, त्याच्या आणखी 16,000 गिरक्या. शनिवारी मारुतीला 11 प्रदक्षिणा घालताना ज्यांची दमछाक होते, त्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

लोकर कुठली घ्यायची? पहिला मोह होतो धनगरांच्या दख्खनी मेंढीचा. स्वस्त, जवळची, आपल्या मातीतली. पण ती जाडीभरडी आणि केसाळ. घोंगडीला ती उत्तमच. चिंचोक्याची खळ लावलेली घोंगडी पावसाच्या सरीला दाद देत नाही. तीच लोकर डोक्यावर आली की बाळ सोडा, सोशिक आजोबासुद्धा दोन मिनिटांत टोपी भिरकावतात. शिवाय ती बहुतेक काळी, त्यामुळे रंगाच्या पातेल्यात कितीही बुडवा, काळीच बाहेर येते. हात बसेपर्यंत तिच्यावर सराव करावा आणि टोपीसाठी मेरिनो जातीची पांढरी, मऊ लोकर घ्यावी. धुऊन-विंचरून तयार मिळते ती घेणारा शहाणा. पण शहाण्या माणसाने टोपीच विकत घेतलेली असते.

कच्च्या मेरिनोत तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत वजन चरबीचं, घामाचं आणि मातीचं असतं. त्यातच कुसळं आणि लेंड्या. या सगळ्याचे पैसे आपण लोकरीच्या भावाने मोजलेले असतात. पाणी साधारण 60 अंश तापवायचं, त्यात रिठ्याचा काढा किंवा भांडी घासायचं पातळ साबण घालायचं, लोकर अलगद दाबून बुडवायची आणि 20 मिनिटं तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. पाणी कोमट व्हायच्या आत उपसायची, नाहीतर सुटलेली चरबी पुन्हा लोकरीवरच बसते. ढवळायची तर मुळीच नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. साबण, उष्णता आणि घासणं ही त्रिमूर्ती एकत्र आली की खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला गठ्ठा होतो. तो ब्रह्मदेवालाही सोडवता येत नाही. आणि ओल्या मेंढीचा वास जिन्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, त्यामुळे हे काम शेजारी गावाला गेलेले असताना उरकावं.

सुकली की पिंजायची. बारीक तारांच्या दोन हातपट्ट्या यासाठी मिळतात, पण महाग असतात. म्हणून बरेच छंदिष्ट कुत्र्याचे केस विंचरायचे ब्रश आणतात, आणि काम चांगलं होतं. फक्त दुकानदाराने ‘कुत्रं कुठलं आहे?’ असं विचारल्यावर काय सांगायचं ते आधी ठरवून जावं.

आता कताई. टकळी म्हणजे एक सळई आणि एक चकती. यात बिघडण्यासारखं काहीच नाही, म्हणून जे बिघडतं ते आपलंच. 1937 नंतर वर्ध्याच्या नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या हस्तोद्योगातून शिकवणाऱ्या शाळांत लहान मुलं टकळीवर सूत कातायची, हे आठवून मन खट्टू होतं. उजव्या हाताने टकळी फिरवायची, डाव्या हाताच्या चिमटीतून लोकर थोडी थोडी सोडायची. सगळी मेख या चिमटीत. पीळ चिमटीच्या पुढे शिरला की आतली मोकळी लोकर दोरासारखी आवळते आणि मग पैलवानाने ओढली तरी निघत नाही. पीळ पोचायच्या आत ओढलं तर तंतू एकमेकांवरून सरकतात, टकळी धाडकन खाली पडते आणि खालच्या मजल्यावरून विचारणा होते. नवख्यांनी खाली उशी ठेवावी.

याहून वाईट गोष्ट अशी, की पीळ पक्षपाती असतो. सूत कुठे जाड, कुठे बारीक निघतं. बारीक जागेला वळायला जोर कमी लागतो, म्हणून सगळा पीळ तिथे धावतो. परिणामी बारीक जागा आणखी आवळून तारेसारखी होते आणि जाड जागा कापसासारखी फुसफुशीत राहते. सूत तुटतं ते बहुतेक वेळा या फुसक्या जागीच. उपाय एकच: जाड जागेच्या दोन्ही बाजू धरून पीळ थोडा उलटा सोडायचा, हलकेच ओढून ती बारीक करायची आणि मग पीळ परत येऊ द्यायचा.

‘मग चरखाच का घेत नाही?’ असं लोक सुचवतात. गांधीजी 1930 च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात होते तेव्हा सुधारत नेलेला पेटी चरखा देखणा आहे, घडी करून काखोटीला मारता येतो. पण त्याचं चातं, म्हणजे सूत पिळणारी फिरती सळई, बारीक आणि गती प्रचंड, कारण तो कापसासाठी केलेला आहे. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर, त्याला पीळ भरपूर लागतो. लोकरीचा तंतू लांब, त्याला कमी पुरतो. लोकर घेऊन चाकाची चार वाटोळी जोरात फिरवली की सूत गुरफटून त्याच्या शेंगोळ्या होतात. आणि चाकावरून चात्यावर जाणारी दोरी, म्हणजे माळ, सैल पडली की चाक फिरतं, चातं ढिम्म. तिला राळ चोळायची, हे कोणी आधी सांगत नाही.

दोन पदर वळताना दिशा उलटी, हे विसरायचं नाही. एकपदरी घड्याळाच्या दिशेने कातलं असेल तर दुपदरी त्याच्या विरुद्ध. असं केलं की दोन्ही पीळ एकमेकांशी भांडून शांत होतात. त्याच दिशेने वळलं तर टेलिफोनच्या जुन्या वायरीसारखं प्रकरण हाती येतं. परीक्षा सोपी: हातभर सूत झोपाळ्यासारखं लोंबतं धरायचं. स्वस्थ लटकलं तर जमलं, स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागलं तर पीळ जास्त. थोडाच जास्त असेल तर लड कोमट पाण्यात 20 मिनिटं भिजवून, झटकून, वजन न लावता वाळवली की ती निवळते. वजन टांगून सरळ केलेलं सूत पहिल्या धुण्यात पुन्हा मूळ स्वभावावर जातं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हाच.

रंगाकडे वळण्यापूर्वी बीटबद्दल दोन शब्द. प्रत्येकाला एकदा तरी वाटतं, बीट इतकं लाल, हात इतके रंगतात, मग लोकर का नाही? लोकर पातेल्यातून राणी रंगाची निघते, दोन धुण्यांत चहा सांडल्यासारखी होते. बीटची कोशिंबीर करावी.

खात्रीचा रंग कांद्याच्या सालीचा. 100 ग्रॅम लोकरीला तेवढीच साल. एका कांद्याची साल किती भरते ते वजन करून पाहा, म्हणजे घरच्या कांद्यावर भागणार नाही हे कळेल. भाजीवाल्याकडे मागावी. तो फुकट देतो, पण दुसऱ्या दिवसापासून जरा जपून बोलतो. रंग पक्का बसावा म्हणून आधी लोकरीला तुरटी द्यायची: 100 ग्रॅमला 12 ग्रॅम, 3 लिटर पाण्यात, पाऊण तासात हळूहळू 80-85 अंशांपर्यंत न्यायची, तासभर तिथेच धरायची आणि रात्रभर त्याच पाण्यात निवू द्यायची. पातेलं स्टीलचंच हवं आणि ते पुन्हा स्वयंपाकात नाही. लोखंडी कढईत सोनेरी रंगाचा शेवाळी होतो. लडीला चार जागी आठाच्या आकड्यासारखे सैल दोरे बांधावेत. घट्ट बांधले तर त्या जागा पांढऱ्या राहतात, आणि मग ‘तसंच करायचं होतं’ असं सांगत फिरावं लागतं.

हळदीची गोष्ट वेगळी. रंग झकास चढतो, पण उन्हात उडतो. त्याआधी कोणीतरी ती टोपी कपड्याच्या साबणाने धुतं आणि ती लालभडक होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, तोच हा न्याय, साबणही अल्कलीच. लिंबाच्या पाण्यात बुडवली की पुन्हा पिवळी. पाहुण्यांसमोर करून दाखवायला चांगलं आहे, टोपी म्हणून कठीण.

विणकाम त्यामानाने सोपं, फक्त सुयांचे नंबर उलटे चालतात: 10 नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची आणि 8 नंबरची 4 मिलिमीटरची. आपल्याला 8 नंबर लागेल. आधी चार इंचांचा नमुना विणून, धुऊन, वाळवून टाके मोजावेत. हे कोणीही करत नाही. टोपी 16 इंच घेराची हवी आणि इंचाला साडेपाच टाके धरून आपण 88 टाके घातले. हात सैल असल्यामुळे इंचाला पाचच बसले, तर टोपी होते 17.6 इंचांची. म्हणजे दर इंचामागे चुकला फक्त अर्धा टाका, पण बाळाचे डोळे झाकतात. मग उसवा. एकपदरी सुतावर भागवलं असेल तर आणखी मौज: उरलेला पीळ विणीत उतरतो आणि सगळी टोपी एका बाजूला तिरकी होते.

माप बाळाच्या आजच्या डोक्याचं घेऊ नये. जन्मतः घेर सुमारे 35 सेंटिमीटर, वर्षाने 46. आपल्या कताईचा वेग धरून पुढचंच माप धरावं.

एवढं करूनही कसर राहते. मी खऱ्या कसरीबद्दल बोलतोय, लोकर खाणाऱ्या. कापसाच्या फडक्याला ती तोंड लावत नाही, आपल्या 52,000 गिरक्या मात्र आवडीने खाते. उरलेली लड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावी आणि पिशवीवर ठळक अक्षरांत ‘लोकर’ लिहावं. कांद्याच्या सालीत रंगवलेली लड गोठली की हुबेहूब शेवयांसारखी दिसते.