‘खुलासा छापला तर चूक कबूल केल्यासारखं होतं’

ज्या दैनिकाच्या डेस्कवर मी अकरा वर्षं काढली, त्याचं नाव इथे लिहिणार नाही. ओळखणाऱ्यांनीही ते मनातच ठेवावं. नोकरी सोडून दोन वर्षं झाली, हिशेब पूर्ण मिळाला, कुणावर राग नाही. (थोडा आहे, पण तो या पोस्टचा विषय नाही.) अंक मात्र अजून घरी येतो आणि तो उघडला की हात आपोआप लाल पेन शोधतो.

गेल्या आठवड्यात एका वयोवृद्ध शास्त्रज्ञाच्या निधनाची बातमी होती. वृद्धापकाळाने, झोपेत गेले. बातमीचं शेवटचं वाक्य असं: ‘या घटनेतून त्यांची पत्नी व दोन मुलगे बचावले.’

कशातून बचावले? झोपेतून?

वृत्तसंस्थेच्या इंग्रजी कॉपीत ‘सर्व्हाइव्ड बाय’ असणार, हे डेस्कवर एक महिना बसलेल्या माणसालाही कळेल. ‘त्यांच्या मागे पत्नी, दोन मुलगे असा परिवार आहे’ हे वाक्य तर आमची बोटं झोपेतही टाइप करायची. भाषांतर आता मशीन करतं, करू दे. मीही केलं असतं. पण छापायला जाण्याआधी ते एकाही माणसाने वाचलं नाही, हे मला बोचतंय.

वर्तमानपत्राच्या मराठीवर कुणी लिहिलं की चर्चा ऱ्हस्व-दीर्घावर घसरते. माझी तक्रार ती नाही. आमच्याकडे एकदा ‘कामगार दिन’चा ‘कामगार दीन’ झाला होता, आणि पगाराची तारीख पाहता तो आमच्या अंकातला सगळ्यात अचूक मथळा होता.

तक्रार डोळ्यांची आहे. मी लागले तेव्हा बातमीदाराची कॉपी उपसंपादक वाचायचा, मुख्य उपसंपादक मथळा पाहायचा आणि पान लागल्यावर प्रिंट काढून मुद्रितशोधक काकांच्या टेबलावर जायची. काका वेलांट्या तर पाहायचेच, पण त्यांचा खरा जीव आकड्यांत. व्याजदर 4 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आणि आपण ‘एक टक्क्याने वाढ’ लिहिलं, की प्रिंट परत. ‘एक टक्का नाही, एक टक्का बिंदू. टक्क्यांत बोलायचं तर वाढ 25 टक्के आहे.’ मिलियन म्हणजे 10 लाख, बिलियन म्हणजे 100 कोटी, ही पट्टी त्यांनी माझ्या मॉनिटरवर स्वतः चिकटवली होती. काका निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही. मग मुख्य उपसंपादकाला स्वतःची पानं लावायला लागली. शेवटी माझ्याकडे एका रात्रीत पाच पानं असायची. पाच पानं लावणारा माणूस वाचत नसतो, तो रकान्यांत मजकूर बसवत असतो.

त्यातून काय होतं? प्रेसनोट जशीच्या तशी जाते. ‘आमच्या संस्थेच्या वतीने’ हे शब्द बातमीदाराच्या बायलाइनखाली, म्हणजे त्याच्या नावाखाली, छापून येतात. कोणत्या संस्थेच्या? बातमीदाराची संस्था आम्हीच ना!

याला हसता तरी येतं. आत्महत्येच्या बातमीला येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी यावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत: पद्धत सांगू नका, मथळ्यात तो शब्द टाळा, एकाच कारणावर खापर फोडू नका, मदत कुठे मिळेल ते द्या. अशा बातम्या वाचून आधीच काठावर असलेला माणूस त्याचंच अनुकरण करू शकतो, म्हणून. आमच्या अंकात महिन्याभरापूर्वी पद्धत होती, कारण होतं, चिठ्ठीतला मजकूर होता. मदतीचा फोन नंबर नव्हता. चिठ्ठीसाठी मात्र वेगळी चौकट होती.

आता माझी चूक, कारण मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. एका रात्री निधनवार्तांमध्ये मी फोटो चुकवला. नाव तेच, आडनाव तेच, संगणकातल्या संग्रहातून उचलला आणि लावला. गेलेले गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. फोटोतले गृहस्थ हयात होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अंक घेऊन आमच्यासमोर उभे राहिले. ‘मीच तो,’ एवढंच म्हणाले आणि हसले. मग सांगितलं की त्यांच्या आईला सकाळी कुणीतरी अंक दाखवला होता. तेव्हा हसले नाहीत.

त्यांना दोन ओळींचा खुलासा हवा होता. तिकडे गुरुजींच्या मुलाचाही फोन येऊन गेला होता. मी दोन ओळी लिहून संपादकांकडे नेल्या.

‘खुलासा छापला तर चूक कबूल केल्यासारखं होतं.’

‘सर, ती चूकच आहे. माझी आहे.’

त्यांनी तोडगा काढला. गुरुजींच्या निधनाची बातमी दुसऱ्या दिवशी पुन्हा, योग्य फोटोसह, नवीन असल्यासारखी. म्हणजे आमच्या वाचकांच्या लेखी गुरुजी दोनदा गेले आणि ते दुसरे गृहस्थ छापील नोंदीत आजही गेलेलेच आहेत. मी गप्प बसले. नोकरी सोडायला त्यानंतरही तीन वर्षं लागली मला.

न्यूयॉर्क टाइम्सने 1898 च्या फेब्रुवारीत अंक क्रमांक 14,499 नंतर 14,500 ऐवजी 15,000 छापला. शंभराहून अधिक वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. तिथल्याच एका तरुण सहायकाने ते शोधलं आणि 1 जानेवारी 2000 च्या अंकात त्यांनी चूक सांगून क्रमांक 500 ने मागे घेतला. ज्या आकड्याकडे एकही वाचक बघत नाही, त्याच्यासाठी! आमच्याकडे त्या सहायकाला सांगितलं असतं, ‘तू आधी पान छपाईला सोड.’

डेस्कवरची मुलं हे वाचतात, मला माहीत आहे. त्यांच्यावर माझा रोख नाही, पाच पानं काय असतात ते मी भोगलंय. त्यांच्यासाठी एवढंच: आज पान 5 वरच्या अँकरच्या, म्हणजे पानाच्या तळाच्या मोठ्या बातमीच्या, मथळ्यात ‘सात जखमी’ आहे आणि मजकुरातली नावं मोजली तर आठ भरतात. छापील अंक गेला तो गेला, वेबसाइटवर तरी बदलून घ्या. पण आधी बातमीदाराला फोन करा. मथळा बरोबर असेल आणि एकच नाव दोनदा पडलं असेल.