झुलूंनी युद्ध सुरू केलं नव्हतं

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले झुलू लोक शेजारच्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीवर चालून आले म्हणून ब्रिटिशांना लढावं लागलं. हे साफ चुकीचंय, उलट घडलं. सीमेचा जो वाद होता त्यात ब्रिटिशांच्याच कमिशनने १८७८ मध्ये बराचसा कौल झुलूंच्या बाजूने दिला होता, तरी तिथला ब्रिटिश हाय कमिशनर बार्टल फ्रिअरने (हो तोच, आधी मुंबईचा गव्हर्नर होता) लंडनची परवानगी नसताना ११ डिसेंबरला झुलूंचा राजा सेत्श्वायोला अल्टिमेटम दिला, ३० दिवसांत तुमची लष्करी व्यवस्थाच मोडा म्हणून. आता ती नुसती फौज नव्हती हो. एका वयाची पोरं एका तुकडीत, राजाची कामं करायची, आणि राजाने परवानगी दिली की मगच लग्न, तेव्हा डोक्यावर केसांतच शिवून मेण लावलेलं काळं कडं यायचं, इसिकोको म्हणतात त्याला. हे मोडणं म्हणजे राज्यच मोडणं, कुठला राजा मान्य करेल? ११ जानेवारीला ब्रिटिश फौज नदी ओलांडून आत घुसली. इसान्डल्वानाची लढाई २२ जानेवारीला झाली, तीही झुलूंच्याच जमिनीवर. रॉर्क्स ड्रिफ्ट हे ब्रिटिश ठाणं नाताळच्या हद्दीत होतं हे खरंय, पण तिथला झुलूंचा हल्ला राजाचा हुकूम डावलून झाला, सीमा ओलांडू नका असं त्याने बजावलं होतं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.